उतारावरच्या घराचा खालचा मजला : ओल, वायरिंग आणि हिशेब

कोकणात सपाट जागा कमी. त्यामुळे बहुतेक वाड्या आणि मोहल्ले उतारावर वसलेले आहेत. रस्त्याच्या बाजूने पाहिले तर घर एकमजली दिसते आणि पाखाडी उतरून मागे गेले की त्याच घराखाली आणखी एक मजला असतो. या खालच्या मजल्याची एक भिंत डोंगरात गाडलेली, दोन भिंती अर्ध्या मातीत आणि चौथी तेवढी मोकळी. शहरातले लोक याला बेसमेंट म्हणतात, आपल्याकडे कोणी तळघर म्हणते, कोणी नुसते 'खालचे'. बहुतेक घरांत तिथे सरपण, नारळ, जुनी ताडपत्री, तुटलेल्या खुर्च्या आणि आखाती देशातून आलेल्या सामानाची रिकामी खोकी असतात. पावसाळ्यात त्या दाराला कोणी हातही लावत नाही.

दुसरीकडे वरच्या मजल्यावर जागा पुरत नाही. आमच्याच घरात दोन खोल्या, एक माजघर आणि सात माणसे. थोरली मुलगी प्रवेश परीक्षेच्या तयारीत, धाकटीची दहावी जवळ आलेली, मुलाचे काम संगणकावर. दादींची झोप हलकी, त्यामुळे रात्री दहानंतर दिवा लावून वाचणे अवघड. ऑनलाइन सराव परीक्षा असली की मुलगी शेजारच्या वाडीत मैत्रिणीकडे जाई आणि परतायला मगरिबची अजान होऊन जाई. शिकणाऱ्या मुलीला स्वतःच्या घरात दोन तास शांत बसायला जागा नसावी, ही गोष्ट मनाला लागत होती. खालचा मजला नीट करायचा असे आम्ही उभयतांनी ठरवले ते यासाठी.

दादींचा पहिला प्रश्न होता, "पोरीला अंधारात, ओलीत बसवणार का?" प्रश्न रास्त होता. पुढची सगळी आखणी आम्ही त्या प्रश्नापासून सुरू केली. आधी ओल, मग उजेड आणि हवा, मग वीज आणि इंटरनेटच्या वायरी, आणि शोभेच्या गोष्टी सर्वांत शेवटी. अशा कामाचा विचार करणाऱ्या वाचक भगिनी-बंधूंना उपयोग व्हावा म्हणून तो सगळा हिशेब इथे मांडत आहोत. आकडे आमच्या गावच्या दरांचे आहेत. आपल्याकडे ते कमी-जास्त होतील, कामाचा क्रम मात्र फारसा बदलणार नाही.

आधी जागा राहण्याजोगी आहे का ते पाहा

प्रत्येक तळमजला खोली करण्याच्या लायकीचा नसतो. नदीकाठी, खाडीकाठी सखल भागात घर असेल तर खाली महागडे काही करूच नये. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी शिरले, तेव्हा बाजारपेठेतले तळमजले बुडाले. त्याआधी जुलै २००५ चा पूर लोकांच्या लक्षात होताच. अशा ठिकाणी खालचा मजला मोकळाच ठेवलेला बरा, आणि विजेचा मीटर, इन्व्हर्टर, राउटर ही सगळी मंडळी वरच्या मजल्यावर हवीत.

आमचे घर चढावर, नदीपासून लांब. त्यामुळे पुराची भीती नव्हती, पण डोंगरातून झिरपणारे पाणी होते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो, तो पाणी पितो. म्हणून जागेची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. आम्ही काम सुरू करण्याआधीचा एक पूर्ण पावसाळा नुसते निरीक्षण केले. दर रविवारी भिंतीवर ओल कुठपर्यंत चढली तिथे खडूने रेघ मारायची आणि तारीख लिहायची. ऑगस्टअखेर मागच्या भिंतीवर रेघ साडेतीन फुटांवर होती, बाजूच्या भिंतींवर फूटभर आणि समोरची भिंत कोरडी.

ओल कुठून येते हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. साधारण दोन फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूला थेंब जमले तर ती खोलीतल्या हवेची दमट आहे, खिडकी आणि पंख्याने ती कमी होते. आतल्या बाजूला, भिंतीकडे, पाणी जमले तर ते भिंतीतून येते आहे आणि त्याचा बंदोबस्त बाहेरून करावा लागतो. आमच्या मागच्या भिंतीवर पाणी आत जमले, बाजूच्या भिंतीवर बाहेर. म्हणजे खर्च कुठे करायचा ते दोन दिवसांत आणि बिनपैशांत कळले.

आणखी तीन गोष्टी काम ठरवण्याआधी पाहाव्यात. पहिली, उंची. फरशी आणि गिलावा झाल्यावर छतापर्यंत किमान आठ फूट, म्हणजे २.४ मीटर, उरले पाहिजेत. दुसरी, भिंती. जांभ्याच्या घरात भिंतींवरच वरचा सगळा भार असतो. खिडकी मोठी करायची तर गवंड्याच्या भरवशावर चिरे काढू नयेत, अभियंत्याला बोलवावे. त्याची एका भेटीची फी घराच्या किमतीपुढे काहीच नाही. तिसरी, परवानगी. तळघराचा वापर राहण्यासाठी करण्यावर बांधकाम नियमांत बंधने असतात, म्हणून ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेत आधी चौकशी करून लेखी काय लागते ते विचारावे.

ओलीचे औषध बाहेरून

ओल आली की आतून रंगाचा जाड थर देणे ही सर्वत्र दिसणारी पद्धत. त्याने एक वर्ष भिंत चांगली दिसते. मग रंगाचे पापुद्रे सुटतात, खाली पांढरा लोणा येतो आणि बुरशीचा वास सुटतो. पाणी भिंतीत शिरलेलेच असते, आपण फक्त त्याची बाहेर यायची वाट अडवतो.

पाणी भिंतीपर्यंत पोहोचूच नये हा खरा इलाज. त्याचे आम्ही चार भाग केले. कौलांच्या पागोळ्या थेट मागच्या भिंतीशी पडत होत्या, तिथे पन्हळ लावून पाणी पाइपाने उताराकडे नेले. मागच्या अंगणाचा उतार घराकडे होता, तो घरापासून दूर फिरवला. मागच्या भिंतीलगत चर खणून तिच्या बाहेरच्या बाजूला जलरोधक थर दिला. चराच्या तळाशी छिद्रांचा पाइप आणि वर खडी भरून पाणी बाजूने बाहेर काढले. चर एकदम लांबच लांब खणू नये. सहा-सहा फुटांचा तुकडा खणायचा, थर द्यायचा, भरायचा, मग पुढचा. सगळी भिंत एकाच वेळी उघडी पडली तर ती सरकण्याचा धोका असतो. आणि हे काम जानेवारी-फेब्रुवारीतच करावे. वळीव आला तर उघडा चर म्हणजे घराशी पाण्याचा हौदच.

उजेडासाठी समोरच्या मोकळ्या भिंतीत चार फुटी दोन खिडक्या घेतल्या आणि मागच्या कोपऱ्यात, छताजवळ, हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला. समोरून हवा आत, मागून बाहेर. खोलीला खालच्या पाखाडीकडून वेगळे दार आहे. त्यामुळे पुढे कधी मुलीने शिकवणी घेतली तर येणाऱ्या मुलांना घरातून जावे लागणार नाही आणि घरातल्या बायकांचा आडोसाही राहील.

गिलाव्याआधी वायरिंग, आणि कागदावर वायरिंगआधी

वायरिंगचे सगळे निर्णय भिंती उघड्या असतानाच घ्यायचे असतात. एकदा गिलावा झाला की प्रत्येक नवी वायर म्हणजे छिन्नी, धूळ आणि दुप्पट मजुरी. आम्ही वहीच्या चौकटीच्या कागदावर एक चौकट म्हणजे एक फूट धरून खोलीचा नकाशा काढला. त्यावर टेबल, पलंग, कपाट यांच्या जागा मांडल्या आणि मग बटणे व सॉकेट ठरवले. हा नकाशा मुलींनी काढला. बसणार त्या, म्हणून उजेड डावीकडून हवा की उजवीकडून हेही त्यांनीच ठरवले.

विजेच्या बाबतीत तीन गोष्टींवर तडजोड करू नये. चांगले अर्थिंग, खालच्या मजल्यासाठी वेगळा फलक आणि त्यात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी. वीज गळू लागली तर तो क्षणात पुरवठा तोडतो. जिथे जमीन दमट, तिथे याची गरज वरच्या मजल्यापेक्षा जास्त. दिव्यांसाठी दीड, सॉकेटसाठी अडीच आणि एसी कधी लावायचा विचार असेल तर त्या जागी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घालावी. सॉकेट जमिनीलगत न ठेवता दोन-अडीच फुटांवर घ्यावेत. पाणी शिरले तरी वेळ मिळतो.

आता इंटरनेट. फायबरची जोडणी वरच्या मजल्यावर येते आणि तिथल्या डबीतून वाय-फाय पसरते. खाली मात्र ते पोहोचत नाही. मध्ये सळ्या घातलेला स्लॅब आहे, जांभ्याच्या जाड भिंती आहेत, आणि ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा लहरी जास्त शोषते. वाय-फायच्या दोन पट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झची लांब जाते पण गती कमी देते. ५ गिगाहर्ट्झची गती जास्त, पण भिंतीपुढे ती लवकर दमते. बाजारात लहरी पुढे ढकलणारी यंत्रे मिळतात. पण त्यांनाही आधी वरून चांगली लहर मिळावी लागते, आणि स्लॅबखाली नेमकी तीच मिळत नाही. म्हणून वरून खाली तांब्याची वायर आणायची आणि तिच्या टोकाला खालचे स्वतंत्र वाय-फाय केंद्र लावायचे, हा सर्वांत खात्रीचा मार्ग. टेबलावरच्या संगणकाला तर थेट वायरच जोडावी. ऑनलाइन परीक्षेच्या मध्यावर संपर्क तुटण्याची धास्ती तेवढी कमी.

यासाठी कॅट ६ नावाची वायर मिळते. तिच्यात तांब्याच्या आठ तारा, दोन-दोनच्या पिळाने चार जोड्या. शंभर मीटरपर्यंत ती सेकंदाला एक गिगाबिट गती देते, म्हणजे घरात लांबीची काळजी नको. खरेदी करताना एक गोष्ट मात्र तपासावी. स्वस्त वायरीत ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. ब्लेडने तार खरवडली आणि आत चंदेरी दिसले तर ती घेऊ नये. ती ठिसूळ असते आणि भिंतीत मोडली तर सापडत नाही. दुकानदाराला सांगून समोर खरवडून पाहावी, यात संकोच कसला?

वायर टाकताना पाळायचे नियम थोडे आहेत, पण इलेक्ट्रिशियन घाईत असला की तेच सुटतात :

- इंटरनेटची वायर विजेच्या पाइपातून कधीच नेऊ नये. तिचा पाइप वेगळा. दोन्ही पाइप समांतर जात असतील तर फूटभर अंतर, आणि एकमेकांना ओलांडायचे असतील तर काटकोनात.
- २५ मिलिमीटरच्या पाइपात चारपेक्षा जास्त वायरी कोंबू नयेत. दोन काटकोनी वळणांनंतर एक पेटी ठेवावी, म्हणजे वायर ओढता येते.
- प्रत्येक पाइपात एक नायलॉनची दोरी मोकळी सोडावी. पाच वर्षांनी वायर बदलायची झाली तर भिंत फोडावी लागणार नाही.
- प्रत्येक सॉकेटची वायर सलग वरच्या पेटीपर्यंत न्यावी, मध्ये जोड नको. दोन्ही टोकांना तोच क्रमांक लिहावा.
- टोक बसवताना जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नये.
- गिलाव्याआधी प्रत्येक वायर यंत्राने तपासून घ्यावी. आठही तारा जुळल्या तरच गिगाबिट गती मिळते. संगणकावर गती ९५ च्या आसपास अडकून बसली तर बहुधा एखाद्या तारेचा संपर्क तुटलेला असतो.
- गिलावा करण्याआधी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढावेत. पुढे खिळा ठोकताना तेच उपयोगी पडतात.

आम्ही सहा वायरी टाकल्या. अभ्यासाच्या खोलीत दोन, बाजूच्या लहान खोलीत एक, छतावरच्या वाय-फाय केंद्रासाठी एक, मागच्या दारावरील कॅमेऱ्यासाठी एक आणि एक राखीव. सगळ्यांची लांबी मिळून ११२ मीटर भरली. टोके, वळणे आणि वाया जाणारे तुकडे धरून १४० मीटर घेतली. ३०५ मीटरची पूर्ण पेटी घेण्याची गरज नव्हती. दुकानातून मीटरने मिळते.

कॅमेरा फक्त आपल्या दाराकडे वळवला आहे. शेजाऱ्याचे अंगण त्यात दिसता कामा नये. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपल्या दीनमध्ये जी ताकीद आहे, तिच्यात त्याच्या घराची खासगी बाजूही येते असे आम्ही मानतो.

कोकणातल्या विजांचाही विचार हवा. मे-जूनमध्ये कडकडाट सुरू झाला की राउटर आणि स्विचचे प्लग काढून ठेवण्याची सवय घरातल्या सगळ्यांना लावावी. राउटरसाठी मिळणारा छोटा बॅटरीचा डबा घ्यावा. वीज गेली तरी काही तास इंटरनेट चालू राहते.

हिशेब

जागा २२ फूट लांब, १४ फूट रुंद, म्हणजे ३०८ चौरस फूट. तीन ठिकाणचे दर घेऊन, प्रत्येक काम वेगळे मोजून अंदाजपत्रक केले :

बाहेरचा चर, निचरा, जलरोधक थर : ६२,००० रुपये
जुना गिलावा काढून नवा : ४०,०००
कोबा आणि फरशी : ३४,०००
खिडक्या, दार, हवेचा पंखा : ३८,०००
वीज, फलक, अर्थिंग : ४६,०००
इंटरनेटचे वायरिंग : १९,०००
रंग : १८,०००
टेबल, कपाटे, सुतारकाम : ३५,०००
परवानगी, वाहतूक, राडारोडा : १२,०००
एकूण : ३,०४,०००
अडीअडचणीसाठी १५ टक्के : ४५,६००
सर्व मिळून : ३,४९,६००

इंटरनेटच्या १९,००० ची फोड अशी. वायर १४० मीटर ३० रुपये दराने ४,२००. पाइप, पेट्या, वळणे २,३००. सहा सॉकेट प्लेटसह २,१००. आठ तोंडांचा गिगाबिट स्विच १,७००. छतावरचे वाय-फाय केंद्र ३,२००. भिंतीवरची पेटी आणि जोडवायरी १,५००. राउटरचा बॅटरी डबा १,५००. मजुरी आणि तपासणी २,५००. एकूण खर्चाच्या तुलनेत हा भाग लहान आहे, पण भिंती बंद झाल्यावर हेच काम महाग आणि घाणेरडे होते. म्हणून पैसे कमी पडले तर यंत्रे नंतर घ्यावीत, पाइप आणि वायर मात्र आत्ताच टाकावी.

आता पैसे कुठून? व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही हे पहिल्या दिवशीच ठरले होते. हातातल्या बचतीवर वर्ष पूर्ण झाले होते. घरासाठी बाजूला ठेवलेली रक्कमही जकातीच्या हिशेबात येते असे आमच्या आलिमांनी सांगितले. त्याप्रमाणे सुमारे ४,१०० रुपये काढल्यावर १,६०,००० उरले. बारा जणींच्या दरमहा पाच हजारांच्या भिशीचा आमचा क्रमांक लागून ६०,००० आले. ८०,००० आखातातल्या धाकट्या भावाने कर्ज-ए-हसना म्हणून दिले. एकूण तीन लाख. भाऊ म्हणाला, "आपल्या घरात लिहायचे काय?" पण उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवावा, साक्षीदार असावेत, हा आदेश सूरह बकरामध्ये स्पष्ट आहे आणि तो परक्यांपुरता नाही. कागद केला, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. डिसेंबरपासून दरमहा पाच हजार, सोळा हप्ते. कागद झाल्याने नात्यात दुरावा आला नाही. उलट वहिनींच्या मनातही शंका उरली नाही.

तीन लाख आणि साडेतीन लाख यांतली तफावत कर्ज वाढवून भरायची नव्हती. रंग आणि सुतारकामाचे ५३,००० दुसऱ्या टप्प्यात ढकलले. मग पहिल्या टप्प्याला, अडीअडचणीच्या रकमेसह, २,९६,६०० लागत होते आणि ते हातात होते. रंग पुढे ढकलण्याला दुसरेही कारण होते. नवा गिलावा आणि नवा निचरा एका पावसाळ्यातून गेल्याशिवाय भिंतीला रंग देणे म्हणजे तपासणी होण्याआधी झाकण लावणे.

मजुरांशी व्यवहार

कामाचे दोन प्रकार असतात, उक्ते आणि रोजाचे. फरशी, गिलावा, रंग यांसारखे मोजता येणारे काम उक्ते द्यावे. चर खणण्यासारखे, जिथे खाली काय निघेल ते ठाऊक नसते, ते रोजाने द्यावे. इसार दहा टक्क्यांवर देऊ नये आणि पुढचे पैसे कामाच्या टप्प्यांवर द्यावेत. मात्र टप्पा पूर्ण झाला की त्याच दिवशी द्यावेत. मजुराची मजुरी घाम वाळण्याआधी द्यावी ही आपली शिकवण आपण लग्नाच्या भाषणांत ऐकतो आणि गवंड्याला मात्र "पुढच्या शनिवारी बघू" म्हणतो. आम्ही मजुरीचे पाकीट दर शनिवारी असरआधी तयार ठेवत होतो. माणसे दुसरीकडे गेली नाहीत, काम एकही दिवस बंद पडले नाही. सिमेंट, वायर, फलक यांचे पक्के बिल घ्यावे आणि एका वहीत रोजचा खर्च लिहावा. आमची वही धाकटीकडे होती. तिचे गणितही त्यात पक्के झाले.

रमजान कोणत्या दिवसांत येतो तेही आधी पाहावे. तो दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतो. रोजेदार मजुराकडून भर उन्हात चर खणून घेणे योग्य नाही. जड काम त्याआधी उरकावे किंवा सकाळच्या पाळीत ठेवावे.

प्रत्यक्षात काय झाले

चर खणताना चार फुटांवर कातळ लागला, तो फोडायला १४,००० जास्त गेले. एका खिडकीवरची तुळई अभियंत्याने जाड करायला सांगितली, ९,०००. अर्थिंगसाठी पहिल्या जागी खड्डा पुरेसा खोल जाईना, दुसरा घ्यावा लागला, ५,०००. म्हणजे अडीअडचणीच्या रकमेतून २८,००० गेले. ही रक्कम बाजूला नसती तर चर अर्धा राहिला असता किंवा खिडकी लहान झाली असती. उरलेले २१,००० दुसऱ्या टप्प्याला मिळाले.

पावसाळाभर पुन्हा खडूच्या रेघा मारल्या. मागची भिंत कोरडी राहिली. जिन्याशेजारच्या एका कोपऱ्यात मात्र ओल दिसली. शोध घेतला तर ती डोंगराची नव्हतीच, वरच्या मोरीचा पाइप सांध्यात गळत होता. २,५०० रुपयांत तो बदलला. रंग आधी झाला असता तर तो गळका सांधा रंगाखाली दडून राहिला असता. सहा महिन्यांच्या बचतीतून ३४,५०० रुपये उभे राहिले आणि नोव्हेंबरात रंग व सुतारकाम पूर्ण झाले.

खोली झाली, आता शिस्त

घरात वेगवान इंटरनेट आणि दार लावता येणारी खोली एकत्र आली की आई-बापांच्या मनात काळजी येणारच. आम्ही काही साधे नियम सगळ्यांसमोर ठरवले. टेबल असे ठेवले की पडदा दाराकडून दिसावा. खोलीत कोणी असताना दार ओढून घ्यायचे, कडी लावायची नाही. रात्री अकरानंतर खालचे वाय-फाय आपोआप बंद होते, तशी सोय राउटरमध्येच असते. परीक्षेच्या दिवसांत वेळ वाढवून मिळते, पण मागावी लागते. हे नियम मुलींना जसे, तसेच मुलालाही. फोन घेऊन पहाटेपर्यंत जागणारा मुलगा आणि त्याच घरात मुलीच्या अर्ध्या तासाचा हिशेब, ही आपल्या समाजातली रीत आम्हाला पटत नाही. आम्हा मोठ्यांचे फोनही रात्री वरच्या कपाटात जातात. मुले आपले ऐकण्याआधी आपल्याला पाहतात.

खर्चाबद्दल शेवटी एक सांगावेसे वाटते. आपल्याकडे घरासाठी पैसा निघाला की तो बहुधा समोरच्या बाजूला जातो. रस्त्यावरून दिसणारी जाळी, चकचकीत फरशी, पाहुण्यांच्या खोलीतले छत. मातीखालचा पाइप आणि भिंतीतली वायर कोणी पाहत नाही, म्हणून तिथे काटकसर केली जाते. इस्राफ टाळायचा तो दिखाव्यात टाळावा. ज्याने भिंत कोरडी राहते, विजेचा धक्का बसत नाही आणि लेकरांचा अभ्यास होतो, तिथे चांगला माल घ्यावा.

ज्यांच्या घराखाली असे बंद दार आहे, त्यांनी येत्या पावसाळ्यात एक खडू, एक प्लास्टिकचा तुकडा आणि एक वही घेऊन सुरुवात करावी. त्याला पैसे लागत नाहीत. चार महिन्यांत भिंत स्वतःच सांगेल की काम किती आहे. मग हिशेब मांडावा, घरातल्या सगळ्यांना विचारावे, आणि ज्याला तिथे बसायचे आहे त्याला सर्वांत आधी. अल्लाह आपणा सर्वांच्या घरांत बरकत आणि आपल्या लेकरांच्या इल्ममध्ये वाढ देवो. आमीन.